साधा कंस, महिरपी कंस

माझ्या डोळ्यांचा मधला भाग गेला तेव्हा मी पुण्यात एका कंपनीत नोकरीला होते. वेबसाइट कशी दिसावी ते सांभाळणं हे माझं काम. कुठे कोणता रंग, कोणतं अक्षर केवढं, बटणाच्या कडा गोल की सरळ, मोबाइलवर उघडली तर काय कुठे सरकेल. आधी अक्षरं मधूनच गळायला लागली. ओळीचं पुढचं-मागचं दिसायचं आणि ज्या शब्दावर नजर ठेवावी नेमका तोच धुरात जायचा. नंबर वाढला असेल म्हणून चष्म्यासाठी गेले, तर डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासलं आणि सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, जन्मापासून रक्तातच होता, त्याला औषध नाही.

"पूर्ण अंधार नाही होणार," ते म्हणाले. "कडेचं दिसत राहील."

ते खरं निघालं. आजही मला दार दिसतं, दारात कोणी उभं आहे हे दिसतं, त्याचा चेहरा दिसत नाही. चेहरा पाहायचा तर त्या माणसाच्या कानापलीकडे नजर टाकावी लागते. मग तो कोपऱ्यातून पुसटसा येतो आणि नीट पाहावं म्हटलं की निसटतो.

मी सामान बांधून दारव्ह्याला घरी आले. वडील मी कॉलेजात असतानाच गेले होते. दादा मुकुटबनला शाळेवर शिक्षक, वहिनी आणि लेकरं तिकडेच. घरात आई एकटी. ती अंगणवाडी सेविका म्हणून नुकतीच निवृत्त झाली होती, आणि रिकामं बसणं तिच्या अंगवळणी पडत नव्हतं. आमच्या टीमच्या मॅडमनी मला काढलं नाही. "घरून कर, जमेल तेवढं कर," म्हणाल्या. त्यांचा आवाज दयेचा नव्हता म्हणून मी हो म्हटलं.

जमत मात्र काही नव्हतं. अक्षरं एवढी मोठी करायची की स्क्रीनवर एका वेळी तीनच शब्द मावायचे, आणि तरी मान तिरपी करून, स्क्रीनला गाल लावून मी ते कडेनं वाचायची. आई स्वयंपाकघरातून पाहत असणार. एके दुपारी खुर्ची ओढत आली आणि माझ्या शेजारी बसली.

"सरक तिकडे. मी वाचतो, तू सांग काय करा लागते ते."

"आई, इंग्रजी आहे ते. आणि शब्दांपेक्षा चिन्हंच जास्त."

"मंग? दहावीपर्यंत इंग्रजीच शिकली ना मी. अन् चिन्हं काय, पोट्ट्यायले शिकवू शिकवू आयुष्य गेलं माह्यं. वाचू दे."

मोठ्या साइटच्या रंगरूपाचे नियम हातानं लिहीत बसलं तर तेच ते किती वेळा लिहावं लागतं. म्हणून आम्ही वरची एक सोयीची भाषा वापरतो. त्या भाषेत लिहायचं, मग यंत्र त्याची ब्राउझरला कळणारी साधी नियमावली, स्टाइलशीट, करून देतं. तिच्यात काही ओळी ॲट या चिन्हानं सुरू होतात. त्या ओळी रंगरूप सांगत नाहीत, हुकूम देतात. मिक्सिन म्हणजे हे नियम एकत्र बांधून ठेव. इन्क्लूड म्हणजे ते गाठोडं इथे सोड. एक्स्टेंड म्हणजे याला त्याच्यासारखंच धर. इफ म्हणजे असं असेल तरच. आणि एरर म्हणजे इथेच थांब, पुढे जाऊ नको.

आईनं स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं असावं.

"हे पयलं काय हाये? ए हाये अन् त्याच्याभवती शेपूट गुंडाळली. जिलबीवानी."

"ॲट."

"जिलबी," ती म्हणाली, आणि पुढे गेली. "आय, एन, सी, एल... इन्क्लूड. मंग बी, यू, दोन टी... बटन. मंग साधा कंस. डॉलर..."

मी दचकले. "साधा कंस म्हणजे?"

"माय, साधा कंस, महिरपी कंस, चौकटी कंस. गणितात नव्हतं काय तुले? अन् शेवटी अर्धविराम."

होतं की. शाळेत असताना तिनंच मला ते शिकवलं होतं. एवढी वर्षं मी ते कंस रोज टाकत होते आणि त्यांना मराठीत नावं आहेत हे विसरून गेले होते. त्या दिवशी आम्ही एक छोटी फाइल पुरी केली. ती म्हणायची, "महिरपी कंस चालू," मग "दोन पायऱ्या आत," मग आतल्या ओळी, आणि शेवटी "महिरपी कंस पुरा." तो "पुरा" ती जरा ठासून म्हणायची, वाढून झाल्यावर झाकण ठेवावं तसा. हाइट हा शब्द तिच्या तोंडी "हेट" होता आणि विड्थचा "विडथ." मी सुधारायला गेले नाही. मला समजत होतं, आणि टाइप मीच करत होते.

मग रोजचंच झालं. सकाळी ती घरातलं आवरायची, रविवारी विहारात जायची, बाकीच्या दुपारी माझ्याजवळ. शेजारची मावशी डोकावून विचारायची, "काय वो, काय पोथी वाचून राह्यल्या मायलेकी?" आई म्हणायची, "पोरीच्या हापिसाचं हाये." त्या म्हणण्यात जो तोरा असायचा तो मला ऐकू यायचा.

हळूहळू ती अक्षरं जुळवायची थांबली. शब्दाचा आकार बघूनच म्हणायला लागली. मिक्सिन, इन्क्लूड, एक्स्टेंड यांचा अर्थ तिनं कधी विचारला नाही, मी कधी सांगितला तर "हं" म्हणायची. तिला त्याचं काही पडलेलं नव्हतं. तिला माझं पडलेलं होतं.

रंगांचं मात्र तिला फार. रंग आमच्याकडे आकड्यांत लिहिलेला असतो, आणि डॉलरचं चिन्ह लावून त्याला नाव दिलेलं असतं. आकडे ती वाचून दाखवायची, पण पडद्यावर तो कसा दिसतो ते मला हवं असायचं. "आई, हा निळा कसा आहे?" ती थोडी मागे सरकायची, खुर्ची वाजायची. "जवसाचं फूल पाह्यलं ना तू? तसा. पण दुपारच्या उन्हातला, फिका." एकदा एका बटणाचा गुलाबी रंग चुकलाय असं पुण्याहून सांगत होते, मला कळेना काय चुकलंय. आईला कपाशी आठवली. "पराटीचं फूल पयल्या दिवशी पिवळं राह्यते अन् मंग गुलाबी होते पाय. हे त्या दोघाच्या मधात अटकलं." तेवढ्यावरून मी आकडे बदलले, आणि मॅडम म्हणाल्या, आता बरोबर.

त्याच सुमारास मी एक हुकूम लिहिला, इफ आणि एररचा. मागचा रंग आणि अक्षराचा रंग फार जवळजवळ असतील, कमी दिसणाऱ्याला वाचता येणार नसेल, तर काम तिथेच थांबावं आणि लिहिणाऱ्याला संदेश दिसावा. संदेश काय ठेवू, असं मी स्वतःशीच पुटपुटले. आई म्हणाली, "लिव, दिसून नाई राह्यलं बाप्पा." मी खरंच तसं लिहिलं, देवनागरीत. दुसऱ्या दिवशी कॉलवर सगळे हसत होते. कोणी फिके रंग टाकले की त्याच्या स्क्रीनवर आईचं वाक्य उमटायचं. मॅडमही हसल्या, मग म्हणाल्या, बाहेरचं गिऱ्हाईक हा कोड पाहतं, इंग्रजीत कर. मी बदललं.

"माह्यं काहून काढलं?" आईनं विचारलं. वाचता वाचता तिलाच ते गेलेलं दिसलं होतं.

"परदेशातलं गिऱ्हाईक आहे, आई. त्यांना मराठी येत नाही."

"हाव, मंग ठीक." थोड्या वेळानं म्हणाली, "पण हासले ना ते?"

"खूप हसले."

"बस, मंग."

एकदाच मी तिला फार राबवलं. टीममधल्या कोणीतरी एक्स्टेंडचा हुकूम नको तिथे वापरला होता. एका दुकानाच्या साइटवर सगळे इशारे लाल व्हायला लागले, अगदी "धन्यवाद"सुद्धा लाल. कारण शोधायला यंत्रानं काढलेली लांबलचक साधी स्टाइलशीट वाचावी लागणार होती. आई वाचत गेली. स्वल्पविरामांनी जोडलेली नावांची माळ, संपतच नव्हती. मध्ये दोनदा पाणी प्यायली. आवाज बसला तेव्हा मी म्हटलं, राहू दे आता. ती म्हणाली, "थांब, याचा कंस पुरा होऊ दे." तिच्या त्या घोगऱ्या आवाजात एकच नाव पुन्हा पुन्हा येतंय हे माझ्या कानाला खटकलं, आणि गाठ सापडली. संध्याकाळी तिनं गुळाचा चहा केला आणि आम्ही दोघी ओट्यावर बसलो. मला ती संध्याकाळ सुखाची म्हणून आठवते. तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं, पाठ दुखत होती एवढंच.

पुढे मी स्क्रीन वाचणारं यंत्र वापरायला शिकले. निरोप, मेल, मीटिंगच्या नोंदी सगळं यंत्र वाचायचं, आणि मी त्याला एवढं वेगात बोलायला लावायची की आईला ते भांडण वाटायचं. "नाकात बोलते ते बाई," ती म्हणायची. आता माझं तिच्यावाचून अडत नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं. तरी दुपारी ती खुर्ची घेऊन यायची आणि मी यंत्र बंद करायची.

त्या दिवशी सोयाबीनची गर्दी होती बाजारात, रस्त्यावर ट्रॅक्टरांचा आवाज. आई वाचत होती. "जिलबी, इन्क्लूड, कार्ड, साधा कंस..." आणि पुढे काही नाही. मी थांबले. मग ती म्हणाली, "सा... सा..." मला वाटलं ठसका लागला. "पाणी देऊ?" तिनं काही तरी उत्तर दिलं, पण त्यात शब्द नव्हते, नुसता आवाज होता, ओला, जड. मी तिच्याकडे वळले. नजर कानापलीकडे टाकली, खांद्याकडे टाकली. मला तिचा आकार दिसत होता, खुर्चीत एका बाजूला कललेला. तोंड वाकडं झालं होतं, ते नंतर दुसऱ्यांनी सांगितलं. मी हात लावला तर उजवा हात नुसता मांडीवरून घसरला.

मी मावशीला हाक मारली, ती हाक आमच्या गल्लीला अजून आठवते म्हणतात. मावशीच्या मुलानं जीप काढली. यवतमाळपर्यंत आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी तिच्याशी बोलत होते. काय बोलत होते ते आठवत नाही.

डॉक्टर चांगले होते, त्यांनी दादाला आणि मला बसवून नीट सांगितलं. लकवा. जीव वाचला. उजवी बाजू थोडीफार येईल. पण मेंदूची बोलायची जागा गेली आहे. "त्यांना बरंचसं समजतं, पण शब्द सापडत नाहीत. वाचताही येणार नाही."

दादानं विचारलं, "वाचता म्हणजे?"

"अक्षरं दिसतील. अर्थ लागणार नाही."

दादाला ते फारसं लागलं नसावं, त्याला बोलण्याचंच दुःख होतं. मी खुर्चीची कड धरून बसले.

मग जे सुरू झालं त्याला काय म्हणावं मला आजही कळत नाही. ज्याची वाचा जाते त्याचं माणूस त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ओळखतं, भूक लागली, दुखतंय, कंटाळा आला. सगळ्या खोलीत तेवढंच शिल्लक होतं, आणि तेच मला दिसत नव्हतं. दादा असला की सांगायचा. "हासून राह्यली तुह्याकडे पाहून." "डोळे भरले तिचे." "पाणी मागून राह्यली." मी तिच्या हातावर हात ठेवून त्याचं ऐकायची, दुसऱ्या गावची बातमी ऐकावी तसं. दादा बाहेर गेला की आम्ही दोघीच. ती माझ्याकडे पाहत असणार. मी तिच्या कानाकडे पाहत असायची.

"आई, हो असलं तर माझा हात एकदा दाब." ती दाबायची. "नको असलं तर दोनदा." तेही दाबायची. पण हो आणि नको तिच्यातच मिसळले होते. पाणी हवं म्हणून हात दाबायची आणि पेला तोंडाला लावला की मान फिरवायची.

घरी आणलं. दादानं रजा संपेपर्यंत राहून पाहिलं, मग तो आणि वहिनी आलटून पालटून येऊ लागले. मी कामही सुरू केलं, खाटेजवळच टेबल घेतलं. वाचा-उपचार करणाऱ्या बाई यवतमाळहून येऊन सांगून गेल्या होत्या, पाठ असलेलं म्हणून पाहा, पाठ असलेलं वेगळ्या जागी साठलेलं असतं. मावशी खाटेपाशी बसून विहारातलं त्रिशरण म्हणायला लागली, आणि तिसऱ्या शब्दापासून आईचा आवाज तिच्यात मिसळला. स्पष्ट, पूर्ण, एक अक्षर न चुकता. मावशी रडायलाच लागली. संपल्यावर मी घाईघाईनं विचारलं, "आई, पाणी देऊ?" नुसती घरघर.

पुढे कधीतरी, दुपारीच, दोघीच असताना, मला काय वाटलं कोण जाणे. मी यंत्राचा आवाज बंद केला आणि तिच्या चालीत म्हणायला लागले, "जिलबी, इन्क्लूड, बटन..."

"साधा कंस," ती म्हणाली.

मी पुढचं म्हटलं, "डॉलर निळा..."

"कंस पुरा. अर्धविराम."

मी खाटेवर जाऊन बसले, तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. गाल ओले होते, तिच्या आसवांनी की माझ्या हातांच्या घामानं, कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं, ती पुन्हा म्हणाली. महिरपी कंस चालू. दोन पायऱ्या आत. महिरपी कंस पुरा. पण माझं नाव नाही, दादाचं नाव नाही, "पाणी" नाही. त्रिशरण, आणि एवढ्या दुपारी माझ्याजवळ बसून जे घोकलं गेलं तेवढंच तिच्याजवळ उरलं होतं.

नंतर त्यातलाही एकच शब्द राहिला, अर्धविराम. तो ती सगळ्याला वापरू लागली. तहान लागली तरी अर्धविराम, पंखा हवा तरी अर्धविराम, वहिनीनं केस ओढून विंचरले तर रागानं अर्धविराम. दादाला सहन व्हायचं नाही, तो उठून अंगणात जायचा. "काय बोलून राह्यली वं ही?" तो विचारायचा.

पण माझे कान तयार झालेले होते. तहानेच्या अर्धविरामात शेवटचा "म" ओढलेला असायचा. कूस बदलायची असली की सुरुवातच खालच्या पट्टीत. दादाला चेहरा कळायचा, मला सूर. काही आठवड्यांत मी घरातल्या सगळ्यांपेक्षा तिला जास्त ओळखू लागले. वहिनी हाक मारायची, "ताई, या बरं, आई काय म्हणतात सांगा." मी येऊन ऐकायची आणि सांगायची, "चहा नको, दूध." बहुतेक बरोबर असायचं. दुःखातही मला त्याचा थोडा आनंद व्हायचा.

एका दुपारी ती बोलली. अर्धविराम. सूर ओळखीचा नव्हता. तहान नाही, दुखणं नाही, राग नाही. मी खुर्ची वळवली.

"काय, आई?"

"अर्धविराम."

"पाणी? उशी? खिडकी उघडू? दादाला फोन लावू?"

दर वेळी ती तेच म्हणाली, त्याच सुरात, घाई न करता. मला समजून घ्यायला वेळ देत असल्यासारखी. मी सगळं विचारलं. दिवा, पंखा, पांघरूण, लेकरं, विहार, वडिलांचा फोटो, भूक, माझं जेवण. तिच्या अगदी तोंडाजवळ कान नेला. तिचा श्वास लागत होता. मग ती थांबली. तिचा डावा हात माझ्या डोक्यावर आला आणि तिथे थोडा वेळ राहिला, आणि तिनं कूस बदलली, स्वतःहून.

त्याच आठवड्यात दुसरा झटका आला. सकाळी, वहिनी तोंड धुवून देत असताना. यवतमाळचा रस्ता लागायच्या आधीच संपलं.

पांढरे कपडे घातलेली माणसं अंगणात मावली नाहीत. तिच्या हातून अंगणवाडीत गेलेली पोरं, आता बाप्ये झालेली, येऊन माझ्यासमोर आपापली नावं सांगत होती, कारण मला चेहरे दिसत नाहीत हे त्यांना माहीत होतं. कोणीतरी म्हणालं, एकदा शेवटचं पाहून घ्या. मी वाकले. कानापलीकडे नजर टाकायची सवय, मी तशी टाकली. पांढरं कापड दिसलं, फुलं दिसली. चेहरा कोपऱ्यात आला आणि गेला. मी तिच्या ओठांवरून बोट फिरवलं, ते सरळ झाले होते की तसेच वाकडे, ते मला बोटांनी कळून घ्यायचं होतं. एका बाजूला किंचित उतरते होते.

तिच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली. दादा म्हणाला, "चाल मुकुटबनले. इथे एकटी कायले राह्यते?" मी म्हटलं, थोडे दिवस. त्याला ते पटलं नाही, पण त्यानं ओढलं नाही. दर शनिवारी येतो, भाजी भरून ठेवतो, बोलतो कमी.

मॅडमनी रजा वाढवून दिली होती. मी परत आले तेव्हा टीमपुढे एकच मोठं काम होतं. एका फाइलमध्ये दुसरी फाइल ओढून घेण्याचा जुना हुकूम, इंपोर्ट, त्या भाषेतून काढून टाकणार होते. काम चालवलं की दर वेळी सूचनांची रांग यायची, हे बंद होणार, हे बंद होणार. त्याजागी यूज हा नवा हुकूम घालायचा, आणि उसन्या आणलेल्या प्रत्येक नावापुढे ते कोणत्या फाइलमधून आलं ते लिहायचं. म्हणजे प्रत्येक फाइलची प्रत्येक ओळ पाहणं आलं.

"दुसऱ्या कोणाला देऊ का?" मॅडमनी विचारलं. "जुन्या फाइली तुझ्याच आहेत, पण तू म्हणशील तसं."

मी म्हटलं, मीच करते.

यंत्र वाचत गेलं. ॲट इन्क्लूड. उघडा कंस, बंद कंस, सगळं त्याच्या एकाच सपाट आवाजात, सगळं इंग्रजीत. पहिल्या दिवशी दर ओळीमागून मला दुसरा आवाज ऐकू यायचा, घोगरा, हेट आणि विडथ म्हणणारा, आणि मी ओळ विसरून पुन्हा मागे जायची. कित्येकदा यंत्र बंद करून नुसती बसले. वाईट याचं वाटायचं की मी एक एक ओळ बदलत होते, म्हणजे तिनं वाचलेली ओळ पुसत होते, आणि काम चोख व्हायचं तर पुसायलाच हवी होती. पुढे पुढे मागचा आवाज विरळ झाला. तोही नकोसा वाटला असता तर बरं झालं असतं, पण तो जात होता तेव्हा मी त्याला धरायला पाहत होते, आणि यंत्र पुढच्या ओळीवर गेलेलं असायचं.

आणि मध्येच, भलत्याच वेळी, भांडी घासताना, दाराला कडी लावताना, तो सूर यायचा. त्या दुपारचा. त्याचा अर्थ मी अजून शोधते आहे. जेवली का, असं असेल. निजते आता, असं असेल. कदाचित ती नुसतीच वाचत असेल, मनातल्या मनात एखादी ओळ, आणि शेवट तेवढा बाहेर आला असेल.

शेवटची फाइल झाली त्या दिवशी काम चालवून पाहिलं. एकही सूचना आली नाही. मी मॅडमला निरोप टाकला, झालं. थोड्या वेळानं त्यांचं उत्तर आलं. यंत्रानं वाचून दाखवलं, अंगठा, वर केलेला.

मी लॅपटॉप मिटला. खोलीत पंख्याचा आवाज होता. बाहेर मावशी कोणाला तरी विचारत होती, नळ आले काय. आले होते. मी उठले, भिंत धरत अंगणात गेले आणि टाकीला पाइप लावला.